जैसलमेरला गेल्याचे समजते

ही गोष्ट खरी आहे.

मी बत्तीस वर्षं वर्तमानपत्रात नोकरी केली. भूत पाहिलं असं मी म्हणणार नाही. काय पाहिलं, काय ऐकलं आणि माझ्या वहीत काय लिहिलेलं आहे, तेवढंच सांगतो. वही अजून माझ्याकडं आहे.

आणि रात्र वगैरे नव्हती.

भर दुपार होती. गुरुवार, ११ फेब्रुवारी १९८८. बारा वाजून चाळीस मिनिटं.

जागा, राजस्थानातलं आकल. जैसलमेरहून बाडमेरच्या रस्त्यानं सतरा किलोमीटर. तिथं वाळवंटात एक उद्यान आहे. उद्यान म्हणायचं, पण हिरवं पान नाही. अठरा कोटी वर्षांपूर्वी तिथं जंगल होतं. त्या झाडांचे ओंडके दगड होऊन पडलेत.

पण गोष्ट तिथं सुरू होत नाही. ती सुरू होते दहा वर्षं आधी, आपल्याकडं. करमाडच्या पुढं.

ऑगस्ट १९७८. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन आठवडा झाला होता. मराठवाड्यात बौद्ध वस्त्या जळत होत्या. मी तेव्हाच्या औरंगाबादेत एका दैनिकात वार्ताहर होतो. वय सव्वीस.

तीन तारखेला करमाडच्या पुढच्या एका गावात गेलो. गावाचं नाव लिहीत नाही. वस्तीतली अकरा घरं जळाली होती. पावसानं राख भिजून काळ्या चिखलात मिसळली होती. आपली काळी माती पावसात कशी होते, ते इकडच्या माणसाला सांगायला नको. चपलेला किलो-किलोनं चिकटते. पाय उचलला की चप्पल मागं राहते.

एका जळक्या चौकटीपाशी एक बाई उभी होती. भामाबाई. विशीतली. पोटात सहा महिन्यांचं.

"माझा मालक नाय सापडत," ती म्हणाली. "सांडू कचरू दाभाडे. चिकलठाण्याला कंपनीत हाय. परवा राती लोक आले तवा भाईर गेला. म्हनला, आलोच."

"कुणी पाहिलं त्याला?"

"समद्यांनी पाह्यलं. बोलत कुनी नाय."

मी गावात गेलो. गावचे मोठे गृहस्थ नानासाहेब ओट्यावर बसले होते. त्यांनी मला चहा दिला. बशीत बिस्किटंही होती.

"सांडू का?" ते हसले. "तो कवाच गेला. राजस्थानात. जैसलमेरकडं, दगडाच्या खाणीवर. बायकोला न सांगता गेला असंल. तरण्या पोरांचं काय खरं असतं, पत्रकार."

बाहेर पोलिसांची गाडी उभी होती. जमादारानं मान डोलावली.

साडेसातला डाक आवृत्ती बंद व्हायची. पानं एस.टी.नं जिल्ह्यात जायची. मी सात दहाला ऑफिसात पोचलो. बातमी लिहिली. शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य टाकलं.

"बेपत्ता असल्याचे सांगण्यात येणारे सांडू कचरू दाभाडे हे कामानिमित्त राजस्थानात जैसलमेर येथे गेल्याचे समजते."

आमचा फोरमन साहेबराव छपाईचे शिशाचे खिळे जुळवताना थांबला. चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"कुणाला समजते, साहेब?"

"म्हणजे?"

"न्हाई, समजते लिवलंय. कुणाला समजते, ते बी लिवा की. नायतर मला समजते असं व्हायचं. मला तर काय बी समजत न्हाई."

कंपोझिंगची पोरं हसली. मीही हसलो.

"लावा हो साहेबराव. गाडी निघेल."

त्यानं लावलं.

चार तारखेला छापून आलं. नंतर कळलं, पोलिसांनी त्या कात्रणाची नक्कल कागदांना जोडली. शोध थांबला. माणूस जैसलमेरला होता. छापून आलेलं होतं.

भामाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कात्रण कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि डब्यात ठेवलं.

मग ती ऑफिसात यायला लागली. वर्षातून दोन-तीनदा. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायची. मी उतरलो की उठायची.

"साहेब, काई कळलं का?"

"नाही भामाबाई."

"बरं."

एवढंच. कधी भांडली नाही. ती चितेगावला एका कंपनीत साफसफाईला लागली. मुलगी झाली, शाळेत गेली. शहराभोवती कारखान्यांच्या शेड उभ्या राहिल्या. चिकलठाणा भरलं, वाळूज सुरू झालं. नामांतर झालं नव्हतं. मोर्चे निघत होते, मी बातम्या देत होतो.

जानेवारी अठ्ठ्याऐंशीत ती आली, तेव्हा पायरीवर बसली नाही. उभीच होती.

"रामकिसननं माझ्यासाठी मानूस बघितलाय," ती म्हणाली. रामकिसन तिचा भाऊ. "बिजवर हाय. चितेगावलाच कामाला हाय. चांगला हाय. पोरीला बी घेतो म्हनतो."

"मग?"

"मग काय? सांडू जित्ता असंल तर मी कसं करू? आन मेला असंल तर दहा वर्सं कुनाची वाट बघितली?"

मी सहज म्हणालो, पुढच्या महिन्यात पत्रकारांच्या सहलीबरोबर मी राजस्थानात जातोय. जैसलमेर पण आहे त्यात.



"इचारून या," ती म्हणाली. "हाय म्हना, नायतर न्हाई म्हना. मधलं नगं."

निघायच्या आदल्या दिवशी साहेबराव म्हणाला, "एक उंट घेऊन या साहेब. एस.टी.च्या आधी गठ्ठे पोचतील." मग हळूच म्हणाला, "आन ते समजते... ते बी बघून या."

अकरा तारखेला सकाळी बाकीची मंडळी वाळूच्या टेकड्या बघायला गेली. कॅमेरा त्यांच्याबरोबर गेला. मी एकटा पिवळ्या दगडाच्या खाणीवर गेलो. तीन खाणींवर कुणी काही सांगितलं नाही.

चौथ्या खाणीच्या मुनशीनं मान वर केली.

"आपकी तरफ़ का? है ना एक. यहाँ काम नहीं करता. आकल में बैठा रहता है. पत्थर वाले पेड़ों में."

"कब से?"

"दस साल हो गए होंगे."

मला काय वाटलं, ते लपवत नाही. मला भामाबाई आठवली नाही.

मला वाटलं, बातमी खरी होती.

बाडमेरच्या बसनं मी फाट्यावर उतरलो. तिथून एक किलोमीटर चाललो. फेब्रुवारीचं ऊन, चटका नव्हता. त्या वर्षी तिकडं दुष्काळ होता. रस्त्याला दिसलेली जनावरं नुसती हाडं होती. तीन वर्षांत पाऊस नव्हता, असं बसमधले लोक सांगत होते.

फाटकाशी म्हातारा चौकीदार खाटेवर बसला होता. मी विचारायच्या आधीच त्यानं हात केला.

"उधर है. बड़े वाले के पीछे."

मी आत गेलो.

उतरती खडकाळ जमीन. मधे मधे लोखंडी जाळीचे पिंजरे, वर पत्रा. प्रत्येक पिंजऱ्यात एक ओंडका. साल दिसते. गाठी दिसतात. लाकूडच. जाळीतून बोट घालून एकाला हात लावला. दगड.

वारा नव्हता.

पाखरू नव्हतं.

पत्रा तापला की वाजतो. तोही वाजत नव्हता...

मग मागं आवाज आला.

चप्...

मी थांबलो.

चप्... चप्...

तो आवाज मी ओळखला. ओल्या काळ्या रानातून चपला घालून माणूस चालतो, तेव्हा तसा आवाज होतो. ऑगस्टमध्ये होतो. तिथं पायाखाली कोरडी वाळू होती.

मी वळलो. कुणी नव्हतं.

आवाज माझ्या बाजूनं पुढं गेला. मोठ्या ओंडक्याच्या पलीकडं जाऊन थांबला.

मी घड्याळ बघितलं. बारा चाळीस. वहीत वेळ लिहिली. ती सवय होती.

ओंडक्याच्या पिंजऱ्यापलीकडं एक माणूस पाठमोरा बसला होता. पांढरा शर्ट. खाकी पँट. गुडघ्यांना हाताची मिठी.

"सांडू?"

"आलात व्हय साहेब." तो वळला नाही. आवाज सपाट होता. "लई उशीर लावला."

मी सांडूला कधी बघितलं नव्हतं. आवाजही ऐकला नव्हता. म्हणून मी वार्ताहर करतो तेच केलं. खात्री करायला लागलो.

"बापाचं नाव?"

"कचरू."

"बायको?"

"भामा."

"कंपनीत टोकन नंबर काय होता?"

हा नंबर मला ठाऊक नव्हता. पण ज्याचा त्यालाच तो माहीत असणार.

"चारशे सतरा."

मी लिहून घेतलं. आतून काहीच होत नव्हतं. दाताच्या डॉक्टरकडं सुई दिल्यावर जबडा जसा होतो, तसा मी सगळाच्या सगळा झालो होतो.

"तुला मुलगी झालीय," मी म्हणालो. "चौथीत आहे."

त्यानं मान खाली घातली.

"घरी का जात नाहीस?"

"कसं जाऊ?"

"बसनं जा. रेल्वेनं जा. पैसे नसतील तर मी..."

"मी औरंगाबादच्या पलीकडं कदी गेलो नव्हतो, साहेब. हितला रस्ता बी मला ठाव नव्हता."

"मग आलास कसा?"

"तुमी छापलं ना."

मी लिहायचं थांबलो.

"समद्यांनी वाचलं. पोलिसांनी वाचलं. भामानं वाचून घेतलं. हितं हाय म्हनले. मग आलो."

कुठं तरी पाणी ठिबकत होतं... टप्... टप्... जवळ. त्याच्या शर्टाच्या बाहीतून.

"सांडू," मी म्हणालो. "तू जिवंत आहेस का?"

"ते बी तुमीच लिवा," तो म्हणाला. "पर लिवा कायतरी. काढा मला हितनं."

मी पिंजऱ्याला वळसा घातला. दहा पावलं असतील. चार पावलं तो मला जाळीतून दिसत होता. नंतर पत्र्याचा खांब आड आला.

पलीकडं गेलो.

कुणी नव्हतं.

ओंडका होता. त्याच्याजवळ जमिनीवर काळा चिखल होता. ओला. बसलेल्या माणसाच्या आकाराएवढा. आणि चपलांच्या तळाचे पोपडे, गवताची काडी अडकलेले.

पिवळ्या वाळूवर आपली काळी माती.

मी खाली बसून तिचा वास घेतला. खिशात ऑफिसचं पाकीट होतं. त्यात मूठभर भरली.

फाटकाशी आलो. चौकीदाराला विचारलं, "वो कहाँ गया?"

"कहाँ जाएगा?" तो माझ्या खांद्यामागं बघत होता. "वो रहा. आपके पीछे-पीछे आया. तार के पास रुक गया."

मी मागं बघितलं. कुंपणाची तार होती. पलीकडं ओंडके होते.

"हर बार वहीं रुकता है," म्हातारा म्हणाला. त्याला त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

मला तार दिसत होती.

तार हलत होती... वारा नव्हता.

आता पुढचं. हे सांगायला भूत लागत नाही.

परत आल्यावर तिसऱ्या दिवशी भामाबाई आली. वेणी घातली होती. मुलीला घेऊन आली होती.

माझ्या टेबलाच्या खणात वही होती. वहीत चारशे सतरा होतं. पाकीट होतं. मी चिकलठाण्याला कंपनीत जाऊन जुना हजेरीपट बघू शकलो असतो. सायकलवर अर्ध्या तासाचं अंतर. गेलो नाही. नंबर जुळला तर काय लिहायचं, ते मला कळत नव्हतं. मेलेल्या माणसानं सांगितलं, असं छापता येत नाही. पुरावा नाही. प्रेत नाही. कुणाचं नाव घालून लिहिणार?

"साहेब, काई कळलं का?"

मी मुलीकडं बघितलं. तिच्या हातात पाटी नव्हती, वही होती.

"नक्की काही कळलं नाही, भामाबाई," मी म्हणालो. "तिकडं एक माणूस असल्याचं लोक सांगतात."

मधलं. तिनं नको म्हटलं होतं, तेच.

तिचा चेहरा उजळला. तो मला अजून दिसतो.

"म्हंजी हाय," ती मुलीला म्हणाली. "तुजा बाप हाय."

तिनं दुसरं लग्न केलं नाही. त्या माणसानं वर्षभर वाट बघितली आणि दुसरीकडं केलं.

पाकिटावर ओला डाग होता. मला वाटलं, वाळेल. मार्च गेला, मे गेला. गच्चीवर उन्हात ठेवून बघितलं. सहा वर्षं तो डाग वाळला नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात करमाडच्या पुढं एका कारखान्याच्या जागेवर यंत्रानं खोदकाम चालू होतं. जागा पूर्वी नानासाहेबांच्या कुटुंबाची. नानासाहेब तीन वर्षांपूर्वी वारले होते, घरात, माणसांत.

दगडांनी बुजवलेली एक विहीर लागली. तळाशी काळा गाळ. गाळात हाडं. कमरेशी पितळी टोकन.

बातमी द्यायला मीच गेलो. जमादार दुसरा होता. त्यानं टोकन पाण्यानं धुऊन माझ्यासमोर धरलं.

मी वाचलं नाही. मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात मी चौकट टाकली. "दि. ४ ऑगस्ट १९७८च्या अंकात सांडू कचरू दाभाडे हे जैसलमेर येथे गेल्याचे समजते, असे वृत्त होते. ते वृत्त चुकीचे होते. ते कुठेही गेले नव्हते." साहेबराव निवृत्त झाला होता. नाही तर त्यालाच दाखवलं असतं.

अंक निघाला त्या सकाळी खण उघडला. पाकीट कोरडं होतं. माती खडखडीत. हलवली की दगडासारखी वाजत होती.

वस्तीवर त्रिशरण, पंचशील झालं. अग्नी द्यायला फार काही नव्हतं. मुलगी पंधरा-सोळा वर्षांची. तिनंच दिला. माणसं पांगल्यावर भामाबाई माझ्याजवळ आली. हातात डबा होता. तिनं ते जुनं कात्रण काढून माझ्या हातात दिलं.

"साहेब, तुमी गेला व्हता ना तिकडं? तवा कोन व्हतं ते?"

मी सांगितलं. सगळं. बारा चाळीसपासून.

तिनं डबा बंद केला. शेवटी एवढंच विचारलं.

"काढा म्हनला व्हता?"

"हो."

"आन मंग सा वर्सं तो तितंच बसला. आन तुमाला ठाव व्हतं."

ती गेली. त्यानंतर ती कधी ऑफिसात आली नाही.

गोष्ट इथं संपायला हवी होती. मलाही तसंच वाटलं होतं. मी निवृत्त झालो. वही, कात्रण आणि पाकीट घरच्या कपाटात ठेवलं.

मागच्या महिन्याच्या नऊ तारखेला मला एका मुलीचा फोन आला. नामांतराच्या काळावर तिचा प्रबंध होता. नम्र होती. तिनं ग्रंथालयात बसून अठ्ठ्याहत्तरच्या सगळ्या फाइली वाचल्या होत्या.

"सर, चार ऑगस्टची बातमी तुमचीच ना? त्यातले सांडू दाभाडे जैसलमेरला गेले, तेवढं मी स्थलांतराच्या प्रकरणात घेतलंय. त्यांचं पुढं काय झालं?"

"ते गेले नव्हते," मी म्हणालो. "चौऱ्याण्णवच्या नोव्हेंबरात दुरुस्ती आहे."

"अरे... ती फाइल मी बघितलीच नाही. प्रबंध परवाच जमा केला, सर."

चूक तिची नाही. बातमी एका फाइलीत आहे. दुरुस्ती दुसऱ्या फाइलीत. मधे सोळा वर्षांचे गठ्ठे आहेत.

फोन ठेवला. मग कपाट उघडलं.

पाकिटावर डाग होता...

बोट लावलं.

ओला.

भामाबाई अजून आहेत. मुकुंदवाडीला, मुलीकडं. सत्तरीला आल्यात. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही.

पुन्हा.

म्हणून हे इथं लिहितोय. जितके लोक वाचतील तितकं बरं. सांडू कचरू दाभाडे जैसलमेरला गेले नव्हते. १ ऑगस्ट १९७८ च्या रात्री, आपल्याच गावात, त्यांना मारून विहिरीत टाकलं. हे मला समजते असं नाही. हे मी सांगतोय. माझं नाव घालून.

पाकीट समोर टेबलावर ठेवलंय.

दर अर्ध्या तासानं बोट लावून बघतोय.